बुंडाबर्गचं वर्किंग हॉस्टेल: पलंग भाड्यानं, काम बोर्डावर

वर्क अँड हॉलिडे व्हिसावर, म्हणजे फिरता फिरता काम करायची मुभा देणाऱ्या व्हिसावर, ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यानं विमानाच्या तिकिटाआधी राहायची जागा बघावी, असं माझं मत झालंय. बेळगावात मात्र चौकशी सगळी व्हिसाची होते. नाव कसं लागतं, पैसे किती दाखवायचे, इंग्रजीची परीक्षा अवघड असते काय. खरं तर तो भाग सोपा आहे. वय १८ ते ३०, बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण, भारतासाठी वर्षाला १००० जागा, आणि त्यासाठी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरून बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव घालायचं. नाव निघालं तर व्हिसाची फी वेगळी. मी भरली तेव्हा ती ६५० डॉलर होती. खात्यात ५००० डॉलर दिसले पाहिजेत, पोलीस सर्टिफिकेट पाहिजे. हे सगळं घरी बसून ऑनलाइन भरता येतं. शहरात हल्ली ‘ऑस्ट्रेलिया वर्क व्हिसा’चे बोर्ड लागलेत. त्यातल्या एका ठिकाणी मला नुसता फॉर्म भरायचे चाळीस हजार सांगितले. ‘विचार करून सांगते’ म्हणून जी जिना उतरले, ती परत चढले नाही.

हे परीक्षण त्यानंतरच्या गोष्टीचं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातल्या बुंडाबर्ग गावात मी ज्या वर्किंग हॉस्टेलमध्ये राहिले त्याचं. नाव लिहीत नाही. तिथं अशी हॉस्टेलं बरीच आहेत आणि थोड्याफार फरकानं सगळ्यांची पद्धत एकच, तेव्हा नावापेक्षा पद्धत कळलेली बरी.

बुंडाबर्ग ब्रिस्बेनच्या उत्तरेला साधारण साडेतीनशे किलोमीटरवर. लाल माती, ऊस, मॅकॅडेमिया, स्ट्रॉबेरी, आणि रताळी. ऑस्ट्रेलियातली बहुतेक रताळी या एका पट्ट्यात पिकतात. हे मी घरी सांगितलं तेव्हा आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. आमचं घर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, राकसकोपच्या बाजूला. आमच्याकडं लाल माती आहे आणि आम्ही रताळीच करतो. एपीएमसीत पोती उतरवण्यात माझं लहानपण गेलंय. शेवटी म्हणाले, “म्हणजे उद्यमबागेतली नोकरी सोडून, विमानानं जाऊन, रताळी काढणार तू?” मी म्हटलं, “होय की. ताशी तीस डॉलरनं.” त्यावर त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि विषय बदलला.

तर हॉस्टेल. वर्किंग हॉस्टेल म्हणजे पाठीवर बॅग घेऊन फिरणाऱ्यांचं साधं बॅकपॅकर हॉस्टेल नव्हे. इथं झोपायला पलंग मिळतो आणि शेतावरचं कामही तेच लोक लावून देतात, किंवा त्यांच्या ओळखीचा कंत्राटदार लावून देतो. व्हॅन त्यांची. भाडं आठवड्याला २२५ डॉलर, आठ जणींच्या डॉर्ममध्ये एक पलंग. येताना दोन आठवड्यांचा बाँड म्हणजे अनामत, वर किल्लीचं डिपॉझिट. व्हॅनचे दिवसाला दहा डॉलर. म्हणजे तुम्ही भाडं पलंगाचं देता, पण खरं विकत घेता ते रांगेतलं स्थान.

ती रांग कॉरिडॉरमधल्या पांढऱ्या बोर्डावर दिसते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मॅनेजरबाई मार्कर घेऊन यायच्या. डावीकडं शेताचं नाव, मग माणसांची नावं, उजवीकडं व्हॅनची वेळ. ४.४५, ५.१०, ५.३०. बोर्डासमोर गर्दी व्हायची, पण कुणी बोलायचं नाही. आपलं नाव दिसलं की माणूस गुपचूप बाजूला सरकून डबा भरायला जायचा. नाव नसेल तर तो तिथंच उभा राहायचा, जणू बाई विसरल्या असतील आणि आता आठवेल. नवा आलेला सगळ्यात खाली. पहिल्या आठवड्यात माझं नाव आलंच नाही, दुसऱ्यात अधूनमधून आलं, आणि भाडं मात्र दर शुक्रवारी पूर्ण गेलं. जाहिरातीत ‘काम लगेच’ असं होतं. आल्यावर कळलं की ‘लगेच’ पावसावर, पिकावर आणि आधी आलेल्या चाळीस जणांवर अवलंबून असतं. ५००० डॉलर खात्यात दाखवायला लावतात ते उगीच नाही. ते उसने आणून दाखवायचे आणि परत करायचे, असा सल्ला देणारे आपल्याकडं आहेत. त्यांचं ऐकू नका. माझ्यासमोर एक पोरगी भाडं थकलं म्हणून बोर्डावरून गेली, कारण भाडं थकलं की काम नाही आणि काम नाही की भाडं थकतं.

या पद्धतीला मी पाचापैकी दोन देईन. शून्य देणार नाही, कारण गाडी नसलेल्या, ओळख नसलेल्या माणसाला त्या गावात दुसऱ्या कुठल्या वाटेनं पहाटे पाचला शेतावर पोचता आलं नसतं. शेतं गावापासून लांब, बस नाही. तिथं गाडीवाचून माणूस लुळा.

जाण्याआधी एक गोष्ट दहा मिनिटांत तपासता येते. क्वीन्सलंडमध्ये दुसऱ्याच्या शेतावर मजूर पुरवणाऱ्याला सरकारी परवाना लागतो. २०१७ चा कायदा आहे, २०१८ पासून लागू. परवानेदारांची यादी ऑनलाइन कुणालाही बघता येते. काम कोण लावून देणार, त्याचं पूर्ण नाव ईमेलवर विचारायचं आणि त्या यादीत टाकून बघायचं. मी चार हॉस्टेलना विचारलं होतं. दोघांनी नाव दिलं, एकानं ‘आल्यावर सांगू’ म्हटलं, एकानं उत्तरच दिलं नाही. निवड तिथंच अर्धी झाली.

मला मिळालं ते काम रताळ्याचंच. आधी लावणी, मग काढणी, मग पॅकिंग शेड. आमच्याकडं रताळी काढायची म्हणजे वेल कापून ओढायचे, नांगर घालायचा आणि मागून बायकांनी वाकून वेचायचं. तिथं ट्रॅक्टरमागं एक लांब यंत्र चालतं. ते गादीवाफा खालून उचलून पट्ट्यावर आणतं आणि आपण यंत्रावरच दोन्ही बाजूंना उभं राहून रताळी निवडायची. फुटलेलं इकडं, बारीक तिकडं, चांगलं पुढं जाऊ द्यायचं. कंबर वाचते. पण पट्टा आपल्यासाठी थांबत नाही, आणि धूळ लाल. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल आमच्या बांधावरचाच वाटायचा. रताळी आतून केशरी, गाजरासारखी, आणि साल घासून इतकं चकचकीत करतात की आमच्या अडत्यानं बघितलं तर मेण लावलंय म्हणेल. सालीवर थोडा ओरखडा असला की माल बाजूला. तसली शेडवरून घरी न्यायला मोकळीक होती, त्यामुळं माझा भाजीचा खर्च जवळजवळ नव्हता. ६ जुलैला आषाढी एकादशी आली. हॉस्टेलच्या ओव्हनमध्ये ट्रेभर रताळी भाजली, थोडी तुपात परतून साखर घालून केली, आणि तैवानच्या मुलीनं ‘आमच्याकडं पण असंच भाजतात’ म्हणत निम्मी संपवली. चवीला आपलं रताळं बरं. तिथलं पाणचट.

मजुरीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. रोजंदारीवर म्हणजे कॅज्युअल कामाला ताशी तीस डॉलरच्या वर मिळतात. काही शेतं बादलीवर किंवा क्रेटवर पैसे देतात, विशेषतः स्ट्रॉबेरीला. पूर्वी त्यात नवा माणूस दिवसभर राबून चहापाण्यापुरतं कमवायचा. २८ एप्रिल २०२२ पासून नियम असा, की नगावर काम असलं तरी तासाच्या किमान मजुरीपेक्षा कमी देता येत नाही. म्हणून तास स्वतः लिहून ठेवायचे. मी वहीत लिहायचे, सुरू कधी, संपलं कधी, जेवणाची सुट्टी किती. एकदा पेस्लिपवर तास कमी दिसले तेव्हा ती वही नेऊन दाखवली, वाद न घालता फरक जमा झाला. या व्हिसावाल्याला पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर, ४५,००० डॉलर कमाईपर्यंत. टॅक्स फाइल नंबर, म्हणजे आपल्या पॅनसारखा, फुकट मिळतो. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. मजुरीशिवाय मालक १२ टक्के ‘सुपर’ म्हणजे आपल्या पीएफसारखं भरतो. देश सोडल्यावर ते काढता येतं, पण आपल्या व्हिसावर त्यातले ६५ टक्के सरकार कापून घेतं. शंभरातले पस्तीस हातात. तेवढे तरी काढा, कित्येक जण सोडून येतात.

माझा भरलेला आठवडा असला की कर, भाडं, व्हॅन आणि खाणं जाऊन सहाशेच्या आसपास उरायचे. पावसाचा आठवडा असला की उरायचं ते भाड्याचं टेन्शन.

आता स्वयंपाकघर, ज्याला मी पाचापैकी चार देते, आणि खरं तर याच्यासाठीच हे लिहायला बसले. पंचेचाळीस माणसं, सहा शेगड्या, दोन ओव्हन, चार फ्रिज. प्रत्येकाला फ्रिजमध्ये एक कापडी पिशवी आणि बाहेर एक प्लॅस्टिकचा क्रेट. पिशवीवर नाव, खोली नंबर आणि जाण्याची तारीख. नाव नसलेलं काहीही गुरुवारी सकाळी कचऱ्यात जायचं, मग ते पाच डॉलरचं चीज का असेना. कोपऱ्यात ‘फुकट’ लिहिलेलं एक फळकूट होतं. गाव सोडून जाणारा माणूस उरलेलं तेल, मीठ, पास्ता तिथं ठेवून जातो. माझं पहिल्या महिन्याचं मीठ, तेल, सोया सॉस सगळं तिथलंच. बोर्डावर नाव नसलेल्या दिवसांत त्या फळकुटानं मला जगवलं.

संध्याकाळी सहा ते आठ शेगडी मिळायची नाही. मग आपोआप भागीदारी व्हायची. जपानी पोरगा भात लावायचा, अर्जेंटिनाची मुलगी मांस भाजायची, मी डाळीला फोडणी द्यायचे. फोडणीच्या पहिल्या दिवशी मिरचीच्या ठसक्यानं सगळं स्वयंपाकघर खोकत बाहेर गेलं आणि कुणीतरी खिडक्या उघडल्या. मॅनेजरबाईंनी सभ्य शब्दांत विनंती केली की हे शक्यतो मागच्या अंगणातल्या बार्बेक्यूवर करावं. तेव्हापासून फोडणी अंगणात आणि डाळ आत. कामाच्या ओळखी, कुठल्या शेतावरचा मुकादम बरा, कोण पैसे थकवतो, कुणाची जुनी सायकल विकायला आहे, हे सगळं मला त्या अंगणात कळलं. पॅकिंग शेडचं कामही बोर्डावरून नाही, तिथल्याच एका कोरियन मुलीच्या सांगण्यावरून लागलं.

खाण्याचं सामान इथून काय न्यावं? आईचा बेत तयारच होता: घरचा बासमती, तूरडाळ, ब्याडगी मिरच्या, धने-जिरे आणि पाहुण्यांना द्यायला कुंदा. यातलं काहीही नेऊ नका. तांदूळ, डाळी, अख्खे धने, जिरे, सुक्या मिरच्या प्रवाशाच्या बॅगेतून आणायला तिथं बंदी आहे, कारण खपरा भुंगेरा हा धान्यातला किडा त्यांच्या देशात नाही आणि त्यांना तो यायला नको आहे. दुधाची मिठाई लाळ्या-खुरकूत रोगामुळं बंद. म्हणजे कुंदा गेलाच. विमानतळावर कार्ड भरून घेतात आणि लपवलेलं सापडलं तर दंड हजारो डॉलरांत होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. मी खायचं काहीच नेलं नाही. नेला तो तवा, लाटणं आणि तीन लिटरचा कुकर. डाळ-तांदूळ, मसाले तिथल्या दुकानांत सहज मिळतात. ज्वारीचं पीठ मात्र मला बुंडाबर्गात दिसलं नाही. ब्रिस्बेनला गेलेल्या पंजाबी मैत्रिणीनं आणून दिलं, तोवर गव्हावर भागवलं.

डॉर्मबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. गाद्या ठीक, ढेकूण नव्हते. एसी नाही, पंखा एक, आणि डिसेंबरात तिथं उन्हाळा, तेव्हा दमट उकाडा. चार बाथरूम, त्यातलं एक कायम बिघडलेलं. क्वीन्सलंड आपल्यापेक्षा साडेचार तास पुढं आहे, आणि आई डेअरीला दूध घालून आल्यावर निवांत फोन करायची. तेव्हा तिथं साडेदहा वाजलेले आणि सगळी खोली झोपलेली. मग मी कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बोलायचे. ड्रायरचा आवाज ऐकून ती विचारायची, “गिरणीत आहेस काय गं? जेवलीस काय?” आमच्या गल्लीत बरेच दिवस मी तिकडं पिठाच्या गिरणीत कामाला आहे अशी बातमी होती.

एका बाबतीत मात्र हॉस्टेल काटेकोर होतं, आणि त्याचं कारण जवळच आहे. बुंडाबर्गपासून पन्नासेक किलोमीटरवर चिल्डर्स नावाचं लहान गाव आहे. २३ जून २००० ला, मध्यरात्र उलटल्यावर, तिथल्या पॅलेस बॅकपॅकर्स हॉस्टेलला एकानं लावलेल्या आगीत १५ तरुण प्रवासी गेले. शेतावर काम करायला आलेलीच मुलं होती ती. धुराचा अलार्म चालू नव्हता. त्यानंतर क्वीन्सलंडनं स्वस्त राहायच्या जागांसाठी आगीचे नियम कडक केले. आमच्या हॉस्टेलात अलार्मची चाचणी व्हायची, बाहेर पडायच्या दारासमोर सायकल लावलेली दिसली तर लगेच हलवायला लावायचे. मी सुट्टीच्या दिवशी चिल्डर्सला जाऊन आले. ती इमारत दुरुस्त करून ठेवलीय, आत त्या पंधरा जणांचं स्मारक आहे. तेव्हा कुठल्याही हॉस्टेलात पाऊल टाकलं की आधी छताकडं बघा, मग बाहेरच्या दाराकडं. दार कुलूपबंद असेल किंवा खिडकी उघडत नसेल तर बाँड गेला तरी चालेल, तिथं झोपू नका.

आणखी दोन बारीक गोष्टी. पासपोर्टची झेरॉक्स द्या, मूळ पासपोर्ट ‘ऑफिसात सुरक्षित ठेवतो’ म्हणाले तरी देऊ नका. आणि इन्शुरन्स इथूनच काढून जा. इंग्लंड-इटलीच्या मुलांना मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य योजना, करारामुळं मिळते, आपल्याला नाही.

परत आल्यापासून गल्लीतला एक पोरगा रोज संध्याकाळी येऊन बसतो. “अक्का, मग जाऊ काय त्याच हॉस्टेलला?” त्याला मी सांगितलं ते असं: पहिले दोन-तीन महिने जा. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर तीन महिन्यांचं ठरावीक काम लागतं आणि तेवढं तिथून होऊन जातं. कामाच्या पेस्लिपा जपून ठेव. तोवर ओळखी होतात, चौघांत मिळून जुनी गाडी घेता येते, मग भाड्याचं घर बघ. मी तेच केलं. घरात भाडं कमी लागलं, झोप बरी मिळाली, आणि सकाळी व्हॅनसाठी उभं राहावं लागलं नाही. स्वयंपाकघर मात्र ओकंबोकं वाटायचं, म्हणून रविवारी मी कुकर घेऊन हॉस्टेलच्या अंगणातच जायचे.

मुलींसाठी वेगळं सांगते. फक्त मुलींची डॉर्म मागितली तर मिळते, पण तिला वेटिंग असतं, म्हणून निघायच्या आधी ईमेलवर लेखी घ्या. आणि पलंग खालचाच मागा. पहाटे चारला, अंधारात, सात जणी झोपलेल्या असताना वरच्या पलंगाची पत्र्याची शिडी आवाज न करता उतरणं कुणालाच जमत नाही, आणि त्या सात जणींतल्या दोघी तरी त्या दिवशी बोर्डावर नाव न आलेल्या असतात.